तुरट फळाची वहिवाट

ओक वृक्षाशी मराठी वाचकाचा परिचय झाला तो बहुतांशी इंग्रजी कवितेच्या द्वारे. सह्याद्रीत हा वृक्ष उगवत नाही, आणि हिमालयाच्या उतारांवर बांज या नावाने तो अरण्येच्या अरण्ये व्यापून राहिला असला तरी तेथून आपल्याकडे त्याचे लाकूडही आले नाही आणि फळही आले नाही. तथापि ज्या घरांत तान्ह्या मुलाला अद्याप घुटी उगाळून दिली जाते त्या घरांतील सहाणेवर या वृक्षाचा एक अंश पिढ्यान् पिढ्या झिजत आला आहे. घुटीतले मायफळ हे वास्तविक फळ नव्हेच. पश्चिम आशियातील एका ओकजातीच्या कोवळ्या डहाळीत एक क्षुद्र कीटक अंडे घालतो, त्या उपद्रवाभोवती वृक्ष जी कठीण गाठ निर्माण करतो ती वाळवून बाजारात येते, आणि तिचा वळसा जिभेवर पडताच तोंड आतून आवळले जाते. हा तुरटपणा, ज्याला रसायनशास्त्र टॅनिन म्हणते, ओकच्या सालीत, पानांत आणि फळांतही भरलेला असतो. त्याच्या योगाने कातडी कमावली जाते, शाई काळी होते आणि खाणाऱ्याची आतडी बिघडतात. अशा या फळावर, दुष्काळातला निरुपाय म्हणून नव्हे तर वर्षाच्या बारा महिन्यांचे अन्न म्हणून, लक्षावधी मनुष्यांनी सहस्रावधी वर्षे आपला निर्वाह केला, आणि तो ज्या प्रदेशात सर्वांत विस्तृत प्रमाणावर केला तो प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा कॅलिफोर्निया.

युरोपातही एके काळी ओकफळे खाल्ली जात, हे तेथील वाङ्मयाला ठाऊक आहे. स्पार्टाच्या लोकांनी आर्केडिया जिंकण्याविषयी डेल्फीच्या देवतेला कौल लावला तेव्हा, ओकफळे खाणारे पुष्कळ पुरुष त्या देशात आहेत आणि ते तुम्हांला थोपवून धरतील, असे उत्तर मिळाल्याचे हिरोडोटसने नोंदविले आहे. आणि सर्व्हांटिसचा डॉन किहोते मूठभर ओकफळे हाती घेऊनच शेळ्या राखणाऱ्यांपुढे सुवर्णयुगाचे व्याख्यान झोडतो. परंतु युरोपच्या स्मृतीत हे अन्न नेहमीच मागे पडलेल्या काळाचे, नांगरापूर्वीच्या भोळ्या मानवाचे अन्न म्हणून उरले. पुढे युरोपीय माणूस कॅलिफोर्नियात उतरला तो हीच समजूत गाठीशी बांधून, आणि डोळ्यांसमोर जे प्रत्यक्ष चालले होते ते त्याला दिसले नाही याचे अर्धे कारण या समजुतीत आहे.

कॅलिफोर्नियाच्या भूमीवर ओकच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचे फळ निराळे. मधल्या विस्तीर्ण खोऱ्यात व्हॅली ओक, ज्याची फळे लांबट व बोटाएवढी. किनाऱ्यालगत सदाहरित लाइव्ह ओक. कोरड्या टेकड्यांवर निळसर पानांचा ब्लू ओक. सिएरा नेवाडाच्या मध्यम उंचीच्या उतारांवर काळा ओक, ज्याच्या शास्त्रीय नावात केलॉग या वनस्पतिज्ञाचे नाव गुंफले आहे. आणि वायव्येकडील दमट डोंगरांत टॅनओक, जो शास्त्रदृष्ट्या ओक नसून त्याचा निकटचा आप्त आहे, पण युरोक, हुपा आणि पोमो लोकांच्या पाकशाळेत ज्याचा मान पहिला. सिएरातील मीवॉक स्त्रिया काळ्या ओकला सर्वांत श्रेष्ठ मानीत, कारण त्याच्या फळात स्निग्धांश विपुल असून त्याची लापशी दाट होते. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या प्रदेशात सुमारे तीन लक्ष लोक राहत असावेत असा विद्वानांचा अंदाज आहे; त्यांच्या भाषा सुमारे ऐंशी; आणि आग्नेयेस कोलोरॅडो नदीच्या काठची थोडी वस्ती सोडली तर मका पेरणारे त्यांच्यात कोणी नव्हते. एवढी दाट प्रजा नांगराशिवाय कशी पोसली गेली, या प्रश्नाचे उत्तर नद्यांतील सामन मासा, हरिणे आणि गवतांची बीजे यांत काही अंशी सापडते. मुख्यांशाने ते ओकफळात आहे. उखळ-मुसळांचा प्रसार येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी वाढू लागला, आणि त्या काळापासून या फळाने आहारात प्रधान स्थान घेतले, असे पुरातत्त्वज्ञ सामान्यतः मानतात.

फळ तोडले आणि तोंडात टाकले असा हा व्यवहार नाही, आणि त्याची कृती थोड्या विस्ताराने सांगितल्यावाचून पुढचा इतिहास कळणार नाही. शरद ऋतूच्या आरंभी जी फळे प्रथम गळतात ती बहुधा किडलेली असतात. एक सोंडकिडा फळ कोवळे असतानाच त्याला भोक पाडून आत अंडे घालतो, आणि त्याच्या अळीने पोखरलेले फळ वजनाला हलके होऊन अगोदर खाली पडते. जाणत्या स्त्रिया ही पहिली गळ उचलीत नसत. मग ऑक्टोबरात खरा हंगाम येई. सारी कुटुंबे वस्ती सोडून ओकबनात मुक्काम ठोकीत. पुरुष व मुले फांद्यांवर चढून लांब काठ्यांनी फळे झोडपीत आणि स्त्रिया ती पाठीवरच्या शंक्वाकार टोपल्यांत भरीत, भरताना प्रत्येक फळ हाताने जोखीत, सालीवर भोक किंवा काळा डाग दिसला तर ते टाकून देत. ओक दरवर्षी सारखा बहरत नाही. एक-दोन वर्षे हात आखडून तिसऱ्या वर्षी तो भरभरून देतो. त्यामुळे सुगीच्या वर्षी पुढल्या वर्षाचाही विचार करावा लागे, आणि त्यासाठी प्रत्येक वस्तीत खांबांवर उचललेल्या कणग्या असत. त्या वेलांनी व डहाळ्यांनी विणीत, उंदीर व किडे दूर राहावेत म्हणून आतून दवण्याच्या कुळातील उग्र वासाच्या एका झुडपाचा पाला आणि पाइनच्या सुया यांचा थर देत, आणि पाऊस-बर्फ ओघळून जावा म्हणून माथ्यावर साल किंवा गवत शाकारीत. अशा कणगीत वाळलेले फळ वर्षभर आणि त्याहूनही अधिक टिकत असे.

वाळलेले फळ दगडी खळग्यात उभे धरून वर दुसऱ्या दगडाचा ठोका घातला की कवच फुटते. आतल्या गरावर तांबूस पापुद्रा असतो. काळ्या ओकच्या बाबतीत तो गराच्या चिरांत शिरलेला असल्याने एकेक गर हाती धरून खरवडावा लागतो, आणि मग सपाट परडीत घोळून पाखडला म्हणजे पापुद्रा उडून जातो. यानंतर कांडण. सिएराच्या पायथ्याशी जेथे जेथे खडकाचा सपाट पृष्ठभाग उघडा पडला आहे तेथे तेथे या कांडणाच्या खुणा आहेत. अमाडोर परगण्यातील पाइन ग्रोव्ह गावाजवळच्या एका संगमरवरी खडकावर १,१८५ उखळ-खळगे मोजले गेले आहेत, आणि १९६८ मध्ये तो खडक सरकारी उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. हे खळगे पाहणाऱ्या पहिल्या गोऱ्या पंडितांनी साहजिकपणे असा तर्क केला की खोल खळगा अधिक जुना आणि उथळ खळगा नवा. पुढे मोनो जमातीच्या वृद्ध स्त्रियांना कोणी विचारले तेव्हा कळले की उथळ खळगे ओकफळांचे, कारण खोल उखळात ते पीठ तळाशी दबून बसते, आणि खोल खळगे गवताच्या बारीक बीजांचे, जी उथळ उखळातून उडून जातात. एका खडकाभोवती अनेक स्त्रिया बसत, मुसळांना लय येई, गाणी होत, गावातल्या बातम्यांची देवघेव होई. कांडलेले पीठ परडीत घेऊन ती विशिष्ट रीतीने कलती करून हलवीत, म्हणजे भरड कण घरंगळून पडत आणि बारीक पीठ परडीच्या विणीला चिकटून राही. ते एका कंदाच्या तंतूंपासून केलेल्या कुंचीने झाडून घेत, आणि भरड पुन्हा उखळात जाई. पीठ जितके सूक्ष्म तितका त्यातला तुरटपणा पाण्याला लवकर सापडतो, म्हणून या कामात हयगय चालत नसे.

तुरटपणा काढण्याची क्रिया हे या सर्व विद्येचे हृदय. ओढ्याकाठी स्वच्छ वाळूचा उथळ वाफा करून त्यात पीठ बोटभर जाडीने पसरीत, आणि देवदार किंवा फर वृक्षाची डहाळी आडवी धरून तिच्यावरून पाणी ओतीत, म्हणजे धारेने पिठात खड्डा न पडता पाणी सर्वत्र समान झिरपे. पाणी पिठातून वाळूत उतरे आणि टॅनिन घेऊन जाई. पुन्हा पाणी, पुन्हा निचरा, आरंभी थंड आणि पुढे कोमट, असे अनेक वेळा करून दर वेळी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहत, आणि तुरटपणा पूर्ण गेला असे वाटले म्हणजेच थांबत. आपल्याकडे कातकरी व ठाकर स्त्रिया कडूकंद उकडून, चकत्या करून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवतात, त्यात हेच तत्त्व आहे. विषारी किंवा कटू द्रव्य पाण्यात विरघळते आणि पिष्ट विरघळत नाही, हे रसायनशास्त्राचे ज्ञान ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती अशा स्त्रियांनी दोन भिन्न खंडांत स्वतंत्रपणे संपादन केले. कॅलिफोर्नियात याखेरीज दुसरीही एक रीत होती: अखंड फळे दलदलीच्या चिखलात महिनोन् महिने पुरून ठेवीत, म्हणजे भूजल आपल्या गतीने तेच काम करी.

शिजविण्यासाठी मातीचे भांडे या लोकांपैकी बहुतेकांपाशी नव्हते, आणि त्याची त्यांना उणीवही भासली नसावी. कारण त्यांच्या टोपल्या इतक्या घट्ट विणीच्या असत की त्यांत पाणी राही. पाणी व पीठ कालवून टोपलीत भरीत. निखाऱ्यांत लाल केलेले गोटे लाकडी चिमट्याने उचलून, राख धुण्यापुरते पाण्यात बुडवून, टोपलीत सोडीत, आणि तळ करपू नये म्हणून वाकवलेली एक फासदार काठी घेऊन ते सतत हलवीत राहत. काही मिनिटांत लापशीला उकळी फुटते. मीवॉक लोकांची नुप्पा म्हणजे आपल्या नाचणीच्या आंबिलीसारखी पेय लापशी, मात्र तिच्यात मीठ नाही, आंबटपणाही नाही. खाणाऱ्याला प्रथम ती बेचव वाटते, आणि ज्यांची ती रोजची आहे ते म्हणतात की मासा, मांस, पालेभाजी यांची चव तिच्यामुळे उठून दिसते. भाताविषयी कोणी परकीय हेच विचारील तर आपणही निराळे उत्तर देणार नाही.

आता जो मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतो. १७९२ च्या नोव्हेंबरात कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर हा इंग्रज नौकानायक सॅन फ्रान्सिस्कोहून सांता क्लारा खोऱ्यात गेला आणि तेथील विरळ उभे भव्य ओक व त्यांखालची मोकळी हिरवळ पाहून, इंग्लंडातल्या एखाद्या उमरावाने मुद्दाम लावलेल्या उपवनाचे त्याला स्मरण झाले. (त्याच खोऱ्यात आज सनीव्हेल, क्युपरटिनो, सॅन होजे ही गावे असून तेथे गणेशोत्सव मांडणारी मराठी कुटुंबे हजारोंनी आहेत.) व्हँकूव्हरला उपमा अचूक सुचली, पण ती केवळ उपमा नसून वस्तुस्थिती आहे हे त्याच्या ध्यानी आले नाही. ते उपवन खरोखरच राखलेले होते. हंगाम आटोपल्यावर त्या त्या जमातीचे लोक ओकबनातील वाळले गवत व पाचोळा यांना ठराविक वर्षांनी मंद आग लावीत. त्या आगीत जमिनीवर पडलेली किडकी फळे आणि मातीत शिरू पाहणाऱ्या अळ्या जळत, ओकवर छाया धरणारी सूचिपर्णी रोपे मरत, पुढल्या वर्षी फळे वेचायला जमीन स्वच्छ मिळे, आणि टोपल्यांना लागणाऱ्या झुडपांना सरळ, लवचीक अंकुर फुटत. जाड सालीच्या प्रौढ ओकला या आगीने इजा होत नसे. शिवाय मालकीची व्यवस्थाही होती. अनेक जमातींत विशिष्ट ओकबनांवर, क्वचित विशिष्ट वृक्षांवरही, विशिष्ट कुटुंबांचा हक्क सर्वमान्य असे आणि तो वारसाने चाले. म्हणजे हक्क होता, मशागत होती, कोठारे होती, फळाची पारख होती आणि पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट होती. नांगर आणि कुंपण तेवढे नव्हते, आणि नवागतांच्या लेखी जमिनीची मालकी सिद्ध करणारे पुरावे हे दोनच होते.

स्पॅनिश अंमलाचा आरंभ १७६९ चा. मेजोर्का बेटावर जन्मलेल्या हुनिपेरो सेर्रा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने त्या वर्षी सॅन दिएगो येथे पहिले मिशन स्थापिले, आणि १८२३ पर्यंत किनाऱ्याने एकवीस मिशने उभी राहिली. उत्तरेकडे निघालेल्या पहिल्या स्पॅनिश तुकडीला वाटेतल्या गावांनी ओकपिठाचे पदार्थ नजराणा म्हणून दिले होते. पण बाप्तिस्मा घेऊन मिशनच्या आवारात आलेल्या माणसाला गहू, मका, गुरे आणि घंटेच्या ठोक्यावर चालणारे आयुष्य पत्करावे लागे. वर्षातून काही आठवडे त्याला आपल्या जुन्या मुलखात जाण्याची रजा मिळे, आणि ती रजा बहुधा रानमेवा गोळा करण्यात जाई. ओकबनांवर पहिला सरकारी आघात झाला तो १७९३ मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यात गव्हर्नर अरिल्लागा याने जाहीरनामा काढून माळ व कुरणे पेटविण्यास मनाई केली, कारण त्या आगींमुळे सरकारी व मिशनच्या गुरांचा चारा जळत असे. चारा कोणाचा आणि कुरण कोणाचे, हा प्रश्न जाहीरनाम्यात उपस्थितच होत नाही. सर्व देशांतील जंगलखात्यांचे असेच आहे, आणि आपल्याकडच्या राब जाळण्यावरील निर्बंधांचा इतिहास ज्यांनी वाचला असेल त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

तरीही किनारपट्टीच्या पलीकडे, सिएराच्या डोंगरांत, जुना व्यवहार बराचसा अबाधित राहिला होता. तो मोडला सोन्याने. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले, आणि दोन-तीन वर्षांत जगाच्या कानाकोपऱ्यांतून लक्षावधी माणसे नेमक्या त्याच टेकड्यांवर लोटली ज्यांच्यावर ओक उभे होते. या माणसांनी आपल्याबरोबर डुकरे आणली आणि ती मोकळी सोडली. डुकराला ओकफळाहून प्रिय खाद्य नाही. टॅनिनने त्याला बाधा होत नाही आणि त्याला कणगी बांधावी लागत नाही. स्त्रिया टोपल्या घेऊन बनात पोहोचत तो तेथे जमीन उकरलेली आणि फळे संपलेली असत. मग भुकेलेल्या माणसाने एखादे डुक्कर किंवा वासरू मारले तर ती चोरी ठरे आणि तिचा सूड म्हणून वस्त्या जाळल्या जात. नांगराने व कुऱ्हाडीनेही पुढे आपला वाटा उचलला, मधल्या खोऱ्यातले व्हॅली ओक गव्हाच्या शेतांसाठी सरसकट तोडले गेले. परंतु पहिली दहा वर्षे पाहिली तर या अन्नाचा नाश करण्यात डुकरांचा वाटा कुऱ्हाडीपेक्षा मोठा होता असे माझे मत आहे.

कायद्यानेही हातभार लावला. कॅलिफोर्नियाला राज्याचा दर्जा मिळाला तो सप्टेंबर १८५० मध्ये. त्याच्याही आधी, २२ एप्रिल १८५० रोजी, तेथील विधिमंडळाने 'इंडियन लोकांचे शासन व संरक्षण' असे नाव असलेला एक कायदा केला. नावातले संरक्षण दुसऱ्या कलमापुरते तरी खरे होते, कारण ज्या जमिनीवर इंडियन राहत आहेत तेथे मालकाने त्यांना त्यांचे नित्याचे उद्योग निर्वेधपणे करू द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ओकफळे वेचणे हा नित्याचा उद्योग नव्हे असे कोणी म्हणू शकले नसते. पण त्याच कायद्यात पुढे आहे की इंडियनाच्या साक्षीवरून कोणाही गोऱ्या माणसाला दोषी ठरविता येणार नाही; आणखी एका कलमाने माळाला आग लावणे हा दंडनीय अपराध ठरविला; आणि इतर कलमांनी भटक्या इंडियनास पकडून मजुरीला लावण्याची व त्यांची मुले ठराविक वयापर्यंत चाकरीत ठेवण्याची मुभा दिली. एका हाताने हक्क द्यावा आणि तो शाबीत करण्याचा एकमेव मार्ग दुसऱ्या हाताने बंद करावा, ही दप्तरी कारागिरी इंग्रज-अमेरिकन कायदेपंडितांना चांगली साधलेली आहे. पहिला गव्हर्नर पीटर बर्नेट याने तर १८५१ च्या जानेवारीत विधिमंडळाला पाठविलेल्या संदेशात स्पष्टच म्हटले की ही जमात निःशेष होईतो तिच्याशी युद्ध चालू राहील अशीच अपेक्षा धरली पाहिजे.

त्याच वर्षी मारिपोसा नावाची स्वयंसेवक पलटण सिएरातील योसेमिटी खोऱ्यात शिरली. तिच्यासोबत असलेल्या लाफायेट बनेल याने तीस वर्षांनी लिहिलेल्या वृत्तांतात, खोऱ्याच्या सौंदर्याने आपले डोळे कसे भरून आले हे जेथे सांगितले आहे, तेथून फार दूर न जाता वस्त्या आणि ओकफळांचे साठे कसे जाळले हेही सांगितले आहे. हा रागाच्या भरातला विध्वंस नव्हता. कणग्या जाळल्या की डोंगरातली माणसे हिवाळ्यात आपोआप खाली उतरून शरण येतील असा तो हिशेब होता. शत्रूच्या अन्नाला अन्न म्हणून मान्यता मिळाली ती बहुधा याच एका प्रसंगी. याच सुमारास केंद्र सरकारच्या तीन कमिशनरांनी निरनिराळ्या जमातींशी अठरा तहनामे केले आणि जमिनीच्या बदल्यात राखीव मुलूख देण्याचे वचन दिले. पण ८ जुलै १८५२ रोजी सेनेटने गुप्त बैठकीत ते सर्व नामंजूर केले आणि कागद मोहोरबंद ठेवण्याचा हुकूम दिला. ते दप्तर १९०५ साली उघडले. मधल्या त्रेपन्न वर्षांत, आपल्याशी तह झाला आहे या भरवशावर मुलूख सोडून निघालेल्या लोकांना कोणत्या कागदाच्या आधारे कोठे उभे राहावे हे सांगणारे कोणी नव्हते. १८४८ मध्ये दीड लक्षाच्या आसपास असलेली त्यांची संख्या १८७० पर्यंत तीस हजारांवर आली, असे अंदाज आहेत.

गोऱ्या वसाहतवाल्यांनी या लोकांना 'डिगर' म्हणजे माती उकरणारे असे हिणकस नाव दिले होते, आणि त्या नावामागे अशी कल्पना होती की हे लोक श्रम करीत नाहीत, जमीन आपण होऊन जे टाकते ते उचलून खातात. ज्या अन्नाला वेचणे, वाळविणे, साठविणे, फोडणे, खरवडणे, कांडणे, चाळणे, धुणे आणि शिजविणे एवढे संस्कार लागतात, आणि ज्याच्या प्रत्येक संस्कारासाठी निराळी टोपली विणावी लागते, त्या अन्नाला श्रमरहित म्हणणाऱ्याने ते करताना कधी पाहिलेच नसले पाहिजे. किंवा पाहूनही, करणाऱ्या स्त्रिया होत्या म्हणून, ते श्रमात धरले नसले पाहिजे. आग मात्र पुरुषही लावीत, आणि ती अपराध ठरली.

आग थांबल्याचे परिणाम कोणी टिपून ठेवले असतील तर ते योसेमिटीत. १८६४ मध्ये लिंकनने ते खोरे कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केल्यानंतर तेथे पहिला रखवालदार नेमला गेला तो गेलन क्लार्क. त्याने १८९४ मध्ये खोऱ्याच्या कमिशनरांना कळविले की आपण प्रथम आलो तेव्हा खोऱ्यातले मोकळे कुरण आजच्या निदान चौपट होते, झुडूप नव्हते, आणि इंडियन लोक गवत जाळीत त्यामुळे ते तसे राहत असे. काळ्या ओकवर पाइन व देवदार चढत चालले होते. निसर्ग जसाच्या तसा राखावा या हेतूने नेमलेल्या व्यवस्थेखाली तो निसर्ग तीस वर्षांत ओळखू न येण्याइतका बदलला, हे या वृद्ध रखवालदाराच्या लक्षात आले, पण त्याच्या म्हणण्याचा सरकारदरबारी उपयोग व्हायला आणखी पाऊण शतक लागले. योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात हेतुपुरस्सर आग लावण्याचे प्रयोग १९७० मध्ये सुरू झाले.

विद्वानांनी मध्यंतरी या अन्नाची दखल घेतली होती. स्टीफन पॉवर्स या वार्ताहराचा कॅलिफोर्नियातील जमातींवरचा ग्रंथ १८७७ चा. निसर्गशास्त्रज्ञ हार्ट मेरियम याने १९१८ मध्ये, महायुद्धामुळे धान्याची टंचाई असताना, ओकफळ हे उपेक्षित अन्न असून अमेरिकनांनी त्याचा विचार करावा असा लेख लिहिला, आणि अर्थातच कोणी केला नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर याचा याच जमातींवरचा बृहद्ग्रंथ १९२५ चा. क्रोबरच्या नावाबरोबर ईशीचे नाव येते. 'याही' नावाच्या जमातीचा हा शेवटचा मनुष्य १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिल गावाजवळ उपाशी स्थितीत सापडला, त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय संग्रहालयात ठेवण्यात आले, आणि १९१६ च्या मार्चमध्ये तो क्षयाने मरण पावला. त्याच्या दहनाच्या वेळी मित्रांनी त्याच्याबरोबर धनुष्य, बाण, शंखमणी आणि तंबाखू ठेवली, आणि ओकपिठाची एक टोपलीही.

परंतु ही विद्या ग्रंथांत शिल्लक राहिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती स्वयंपाकघरांत राहिली. योसेमिटीत लूसी टेलिस या मीवॉक-पायुट कारागीर स्त्रीने, जिची चार वर्षे खपून १९३३ मध्ये पुरी केलेली प्रचंड टोपली १९३९ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनात मांडली गेली, प्रवाशांसमोर ओकफळे कांडण्याचे काम वर्षानुवर्षे केले. तिच्या नातवाशी विवाह करून आलेल्या ज्यूलिया पार्कर यांनी ते तिच्याकडून आणि इतर वृद्ध स्त्रियांकडून उचलले. १९६० पासून त्यांनी उद्यानाच्या संग्रहालयाशेजारी ते करून दाखविले, आणि त्यांच्या कृतीचे टप्प्याटप्प्याने वर्णन करणारे बेव्हर्ली ऑर्टिझ यांचे पुस्तक १९९१ मध्ये निघाले. प्रवाशांना करमणूक म्हणून दाखविलेल्या गोष्टीतून घरच्या मुलींनी शिक्षण घेतले, असा हा विलक्षण योग. आज बहुतेक घरांत वाळूच्या वाफ्याऐवजी धुतलेले कापड असते, उखळाऐवजी विजेवर चालणारे दळणयंत्र असते, आणि पीठ शीतपेटीत ठेवले जाते; काही आजीबाई यंत्राचे पीठ उष्ण होऊन बिघडते म्हणून नाक मुरडतात, काही स्वतःच ते वापरतात. हुपा लोकांत हंगामाची पहिली ओकफळे विधिपूर्वक शिजवून समाजाने एकत्र खाण्याची चाल आहे.

अडचणी संपलेल्या नाहीत. १९९० नंतरच्या दशकात टॅनओक वृक्ष अचानक वाळून मरू लागले; रोपवाटिकांतील शोभेच्या झाडांबरोबर आलेली फायटोफ्थोरा वर्गातील एक सूक्ष्म बुरशीसदृश व्याधी हे त्याचे कारण असल्याचे २००० मध्ये निश्चित झाले, आणि तोपर्यंत किनाऱ्यालगतच्या अरण्यांत ती दूरवर पसरली होती; तेव्हापासून लक्षावधी टॅनओक मेले आहेत. राष्ट्रीय उद्यानांच्या हद्दीत वनस्पती तोडणे वा गोळा करणे हे सर्वसाधारणपणे निषिद्ध असल्याने ज्या बनांवर आपल्या पणज्यांचा हक्क होता तेथे पणत्यांना मोकळेपणाने वावरता येत नव्हते. २०१६ च्या जुलैमध्ये यासंबंधी नवा नियम झाला. त्याअन्वये मान्यताप्राप्त जमातीने उद्यानाशी करारनामा करावा, त्या भूमीशी आपला परंपरागत संबंध काय आहे याचे निवेदन द्यावे, कोणत्या वनस्पती कोण, कोठे व किती गोळा करणार हे लिहून द्यावे. आणि त्या गोळा केल्याने उद्यानाच्या निसर्गाला लक्षणीय बाधा पोहोचत नाही अशी सरकारी खातरजमा झाल्यावर परवाना मिळावा.